दोष कोंड्याचा नाही

भाताचा कोंडा, तूरचुणी किंवा इथेनॉल कारखान्यातला डीडीजीएस यांचे नाव काढले की ब्रॉयलरवाले म्हणतात, “कचरा घालून वजन येत नसतं.” बोलणारे अडाणी नसतात, कुणाची तरी बॅच बसलेली असते. अनुभव खरा, निष्कर्ष चुकीचा.

आधी ‘कचरा’ हा आरोप. मक्यातल्या स्टार्चचे इथेनॉल झाले की प्रथिने, तेल, तंतू, खनिजे मागे उरतात, टनाला सुमारे 300 किलो. वाळवलेला हा उरलेला माल म्हणजेच डीडीजीएस. साहजिकच मक्यात 8-9 टक्के असणारी प्रथिने डीडीजीएसमध्ये 26 ते 30 टक्क्यांवर जातात. याला कचरा कोण म्हणेल? मात्र त्याच हिशेबाने बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिनही जवळपास तिप्पट होते. भिजका, बुरशीचा मका कारखान्यात गेला तरी इथेनॉल स्वच्छ निघते. विष कोंबडीच्या यकृताला भोवते. इथे आक्षेप शंभर टक्के मान्य.

‘वाढ होत नाही’ हा दुसरा आक्षेप. पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा बघून सोयापेंड काढून टाकली, तर वाढ होणार कशी? सोयापेंडीत लायसिन, म्हणजे वाढीला लागणारे अमिनो आम्ल, 2.8 टक्क्यांच्या आसपास असते, मक्याच्या डीडीजीएसमध्ये एक टक्काही नसते. वाळवताना माल करपला, तर आहे तेही नीट पचत नाही. मूठभर माल हातात घेऊन बघा. सोनेरी पिवळा, किंचित आंबूस वासाचा असेल तर ठीक; गर्द तपकिरी आणि जळका वास मारणारा नको. आणि पोत्यावरचा तो प्रथिनांचा आकडा तरी कसा निघतो? नायट्रोजन मोजायचा आणि 6.25 ने गुणायचे. युरिया मिसळणाऱ्याला हे गणित आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. गायीच्या पोटातले जंतू थोडा युरिया कामी लावतात, कोंबडीला ते जमत नाही.

भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांतला ताजा कोंडा तेलामुळे लवकर खवटतो, आणि त्यातला बराचसा फॉस्फरस फायटेज एन्झाइम घातल्याशिवाय पक्ष्याला मिळत नाही. चुणीत तंतू जास्त. म्हणून लहान पिल्लांना यातले काही नको. शेवटच्या टप्प्यातल्या फिनिशर खाद्यात मात्र 5 ते 10 टक्के डीडीजीएस, वरून लायसिन आणि कमी पडणारी ऊर्जा भरून काढली, तर खुशाल चालते. ब्रॉयलरच्या खर्चातला 65-70 टक्के वाटा खाद्याचा. इथेनॉलने मका महाग केला. आता त्याच कारखान्याचा उरलेला मालही नाकारायचा, म्हणजे दोन्हीकडून मार खायचा.

लातूरकडचा सोयाबीन उत्पादक म्हणेल, डीडीजीएसने पेंडीचा भाव पाडला. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पण त्याचे उत्तर हमीभावाच्या खरेदीत आहे, कोंबडीच्या फीडरमध्ये नाही.

करारावर पक्षी सांभाळणाऱ्याच्या शेडवर कंपनीचेच पोते उतरते, त्याला निवड नाही. स्वतः खाद्य दळणाऱ्यांनी मात्र प्रत्येक खेपेचा अफ्लाटॉक्सिन, युरिया आणि लायसिनचा अहवाल मागावा. अहवाल नसेल तर ट्रक परत पाठवावा.