हळदीला वाट, परिचारिकेला उंबरठे

आसियान देशांशी भारताचा वस्तुव्यापार करार १ जानेवारी २०१० रोजी अमलात आला. सेवाव्यापाराचा करार मात्र १ जुलै २०१५ रोजी. हा विलंब बोलका आहे. वसमतच्या हळदीपुढे जकात आणि गुणवत्तेची चाचणी असते. हिंगोलीच्या परिचारिकेला मात्र पदवीची मान्यता, परवाना व व्हिसा असे तीन उंबरठे ओलांडावे लागतात. सिंगापूरशी सर्वंकष आर्थिक सहकार्य करार २००५ साली झाला, तरी परिचर्या-शिक्षणाच्या परस्परमान्यतेसाठी २०१८ साल उजाडावे लागले आणि तीही निवडक संस्थांपुरतीच मिळाली. तात्पर्य, केवळ करारावर सही झाल्याने दार उघडत नाही. मान्यतेची यादी रुंदावण्याचा आग्रह दिल्लीने धरावा आणि त्या यादीत बसेल असा दर्जा राज्याने जिल्ह्यातील महाविद्यालयांना द्यावा. अन्यथा सेवाव्यापाराचा लाभ महानगरांपुरताच राहील.