नोंद झाली, पुढे काय?

भारताच्या वनस्पतिसूचीत एखाद्या वृक्षाची नव्याने भर पडली की बातमी येते, दोन दिवस कौतुक होते आणि विषय संपतो. खरे काम तेथून सुरू व्हायला हवे.

आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्याचे उदाहरण पाहा. सिद्धापूर तालुक्यातील कत्तलेकान, म्हणजे कन्नडमध्ये काळोखाचे रान. तेथील पाणथळ जंगलात बिब्ब्याच्या जातकुळीतला एक वृक्ष आढळला आणि २००० साली 'सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस' या नावाने त्याची शास्त्रीय नोंद झाली. अशा नोंदीसाठी पाने-फुलांचा वाळवलेला नमुना, ठिकाण, तारीख आणि वर्णन लागते. झाड कशावर जगते हे मात्र त्याच्या परिसरातच कळते.

या वृक्षाची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. जवळपासची नर झाडे गेली, तर मादीला फळ धरणे अवघड. शिवाय त्याला ओलावा कायम हवा. ओहोळाचे पाणी सुपारीच्या बागांकडे वळवले, की कुऱ्हाड न लावताही रान सुकते.

सत्तरीतील बांबर येथे रानजायफळाचे असेच पाणथळ रान आहे. 'निरंकाराची राय' म्हणून गावाने ते देवाच्या नावे राखले. येथे झाडांबरोबर जागाही राखली गेली, हे महत्त्वाचे.

म्हणून नव्या नोंदीसोबत त्या झाडाला पाणी कोठून मिळते, हेही टिपावे आणि ते ग्रामसभेसमोर ठेवावे. आपल्या गावच्या राईत अनोळखी झाड दिसल्यास फांदी न तोडता, फुलोऱ्याच्या दिवसांत जाणकारांना तेथे न्यावे.