दमलेल्या ताईचा कागद

दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये दोन-तीन जणी तरी मला भेटायला येतात. कुणी नोकरी सोडलेली असते, कुणाची बाळंतपणाची रजा संपत आलेली असते. हॉल रिकामा आहे, सोसायटीत लहान मुलं आहेत, आपलंही मूल त्याच वयाचं आहे, तर खेळातून शिकवणारी बालवाडी काढावी असं मनात असतं. आणि प्रत्येकीच्या बोलण्यात एक वाक्य ठरलेलं: "घर सांभाळून करता येईल ना!"

मी चहा टाकते आणि सांगते, बालवाडी जरूर काढा, पण हे वाक्य आधी डोक्यातून काढा.

माझी सुरुवात आमच्याच हॉलमध्ये झाली, सात मुलांवर. त्यातलं एक माझं. वेळ सकाळी साडेनऊ ते साडेबारा. सासूबाईंना, नवऱ्याला आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, तीन तासांचं तर काम. पण आदल्या रात्री चिंचोके मोजून ठेवायचे, मातीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळायचा, भातुकलीतलं काय तुटलंय ते बघायचं. मुलं गेली की फरशी पुसायची. दुपारी पालकांचे फोन: दंडाला चावलं कोण, डबा तसाच का आला. पाच वाजता माझ्या लक्षात यायचं की आपण अजून जेवलोच नाही.

दुसऱ्या वर्षी ऐन पावसाळ्यात सासरे आजारी पडले. रात्री दवाखान्यात, सकाळी बालवाडी. त्या दिवसांत मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदांचा गठ्ठा आणला. ठिपके जोडा, आंबा रंगवा, 'अ' गिरवा. मुलं चटईवर ओळीनं बसली, घर शांत झालं. पालक तर खूशच. एक आई म्हणाली, "चला, आता अभ्यासाला लागले!" तीन आठवडे असे गेले. मग एका संध्याकाळी माझी नोंदवही उघडली. मुलं काय बोलतात, कशाशी खेळतात, कुणाचं कुणाशी जमतं ते मी रोज दोन ओळी लिहीत असे. तीन आठवड्यांची पानं कोरी होती. आठवून लिहू म्हटलं, तर एकाही मुलाचं एकही वाक्य आठवेना.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. लहान मुलांच्या बालवाडीतली वर्कशीट मुलांसाठी नसते, दमलेल्या ताईसाठी असते. खेळाला बाहेरचा शत्रू फारसा लागत नाही. ताईची झोप अपुरी राहिली की पुरतं.

कारण खेळ घेणं हे अंगमेहनतीचं काम आहे. साडेतीन वर्षांचं पोर तांब्यातून वाटीत पाणी ओततंय, एवढंच दृश्य बघा. पहिल्यांदा निम्मं पाणी बाहेर. मग ते तांब्या दोन्ही हातांनी धरतं. मग मनगट वळवायचं कसं ते सापडतं. वाटी भरते, सांडते, "अजून भरली!" म्हणून ओरडतं. एवढ्यात दुसऱ्याला तोच तांब्या हवा असतो. आता ओढाओढ होणार की "तू दोनदा, मग मी दोनदा" असा तह होणार, हे ताई तिथे उकिडवी बसलेली आहे की नाही त्यावर ठरतं. तिनं मध्ये पडायचं नाही, उठून जायचं नाही, फडकं मात्र हाताशी ठेवायचं. पुढे पेन्सिल धरायला लागणारं मनगट इथेच तयार होत असतं, मोजणीही इथेच चाललेली असते. पण ही अर्ध्या तासाची बैठक दमलेल्या माणसाला जमत नाही. त्याचा हात गठ्ठ्याकडे जातो.

आपल्याकडे या कामाची वाट कुणी घालून दिली ते आठवा. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी माँटेसरी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, पानं, खडे वापरले. मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. हा इतिहास आपण कौतुकानं सांगतो, चिंचोकेही गोळा करतो. मात्र त्या दोघी होत्या, हे विसरतो. १९७५ पासून सुरू झालेल्या सरकारी अंगणवाडीतसुद्धा सेविकेच्या जोडीला मदतनीस धरलेली आहे. आपणच तेवढ्या एकट्यानं सगळं ओढायला निघतो.

म्हणून माझी पहिली विनंती: मावशी पहिल्या दिवसापासून ठेवा. फी ठरवताना आधी तिचा पगार धरा, मग भाडं, मग तुमचा स्वतःचा पगार. हो, स्वतःचासुद्धा, हजार-दोन हजार का असेना, पण दर महिन्याला वेगळा काढा. ज्या कामाचा पगार दिसत नाही, त्या कामाच्या मध्येच घरचे लोक गॅस सिलिंडर घ्यायला उठवतात. दोघींत पंधरा मुलं पुष्कळ झाली. सोळावं मूल दाराशी आलं की मोह होतो, माहीत आहे मला.

स्वतःच्या मुलाचा प्रश्न सगळ्यात नाजूक. माझी मुलगी मला बालवाडीत "ताई" म्हणायला शिकली, याचं सगळ्यांना फार कौतुक. एके दिवशी एक रडकं बाळ माझ्या मांडीवर बसलं होतं, तर ही आली आणि त्याला कडकडून चावली. मी तिला रागावले, कारण समोर त्या बाळाची आजी उभी होती. आजही ते आठवलं की बरं वाटत नाही. शक्य असेल तर पहिलं वर्ष आपलं मूल दुसरीकडे घाला. नसेल शक्य, तर ते मावशीच्या गटात असू द्या आणि साडेबारानंतरचा अर्धा तास फक्त त्याचा. फोन बंद, फरशी नंतर.

पालकांना फोनची एकच वेळ द्या. "लिहायला कधी घेणार?" हा प्रश्न येणारच. त्यावर चिडू नका. त्यांचीही काळजी खरी असते, पुढच्या शाळेत काय विचारतील याची. जूनच्या सभेतच सांगा की २०२०च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानलाय, आणि त्याच टप्प्यासाठीच्या २०२२च्या अभ्यासक्रम आराखड्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ठरावीक पाठ्यपुस्तकच नको म्हटलंय. तरी नाही पटलं, तर त्यांना एक सकाळ पाण्याच्या टबाशेजारी बसवा. बाबांना आधी.

आणि घरातल्या पुरुषांना एक सांगायचंय. "मी तिला मदत करतो" असं म्हणू नका. संध्याकाळचा स्वयंपाक किंवा सकाळचे डबे, यातलं एक काम कायमचं आपलं म्हणून घ्या. ते झालं का, हे तिला विचारावंसुद्धा लागू नये.

जूनला अजून वेळ आहे. सोसायटीचं ना हरकत पत्र लेखी घ्या, गॅलरीला जाळी बसवून घ्या. मावशी मिळेपर्यंत मात्र बोर्ड रंगवायला टाकू नका.