गाणं सुरूच आहे

आमच्या भातकुलीत ड्रोन म्हटलं की लोक फवारणीचं यंत्र शोधतात. ड्रोन संगीताची कॅसेट लावली, तर मित्र म्हणतात, ‘हे बाहेरचं फॅड!’ साफ चूक. भजनातली एकतारी काय करते? एकच सूर धरून बसते. पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले, तेव्हा ला मॉन्ट यंगसारखा ड्रोनचा मातब्बर त्यांचा शिष्य झाला. मिरजेत आजही भोपळ्यातून तंबोरा घडतो. आपण मात्र त्याला गायकामागे बसवला, मग मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये कोंबला. फॅड कोणाचं? तासभर नुसता तंबोरा ऐका. ‘गाणं कधी सुरू होणार?’ विचारू नका. ते सुरूच आहे.