माउंट सिल्व्हरवरचा बर्फ

'पोकेमॉन'मधल्या माउंट सिल्व्हरवरचा बर्फ ही नुसती सजावट आहे, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. १९९९च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये तो नव्हता. २००९च्या नव्या आवृत्त्यांत आला. शिखरावर रेड एकटाच उभा असतो, १९९६च्या खेळातला आपलाच नायक. तो चकार शब्द बोलत नाही. लढाईभर गारा पडतात आणि दर फेरीअखेर पूर्ण ताकदीचा सोळावा हिस्सा खातात. आपल्या गड्यांचा, तसाच त्याच्या ८८ लेव्हलच्या पिकाचूचाही. सगळं जिंकून झालेला माणूस अशा जागी राहतो, जी त्याच्या सोबत्यांनाही सोसत नाही. खेळाने हे संवादाविना, नियमातून सांगितलं. याला सजावट कसं म्हणायचं?