चाक फिरत राहिले, मुदत थांबली नाही!

गेल्या महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास खाप्याच्या आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत एक तरुण मोबाईल हातात धरून घामाघूम होऊन बसला होता. वस्तीतल्या नालीच्या निधीचा हिशोब त्याने माहितीच्या अधिकारात तालुक्याच्या एका कार्यालयाकडे मागितला होता. तीस दिवस उलटले, उत्तर नाही. पहिले अपील करायला कायद्याने आणखी तीस दिवस मिळतात, त्यातला तो शेवटचा दिवस! अपील लिहून घेण्यासाठी त्याने एआयचे पान उघडले होते. "वकीलसाहेब, सकाळपासून हे चाकच फिरून राह्यलं," तो म्हणाला.

आम्ही खटपट करून पाहिली. आधी माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट दिला, कारण त्याचा दिवसाचा डेटा संपला होता आणि डेटा संपला की इंटरनेट बंद पडत नाही, गोगलगाय होते. तरी पान उघडेना. मग ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडली, तर पान लगेच आले! म्हणजे कंपनीचा सर्व्हर ठीक होता, दोष त्याच्या ब्राउझरमध्ये साठलेल्या जुन्या फाईलींचा होता. पण नव्या खिडकीत पुन्हा लॉगिन आले, लॉगिनला ओटीपी आला नाही. घड्याळात चार वाजत आले होते. मी म्हटले, "बाबू, ठेव तो मोबाईल. कागद घे."

वीस मिनिटांत अपील झाले. अर्ज कोणत्या तारखेला दिला, कोणत्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे दिला, तीस दिवसांत माहिती मिळाली नाही, ती विनामूल्य द्यावी. एवढेच तर लिहायचे असते! वीस रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले आणि पोरगा गाडीवर निघाला.

आता आमच्यातलेच काही ज्येष्ठ म्हणतील, आजची पोरे आळशी झाली, दोन ओळी लिहायला यंत्र लागते. हे मला मुळीच मान्य नाही. प्रस्थापितांच्या घरात अर्ज लिहून देणारा काका असतो, मामा वकील असतो, इंग्रजी शाळा असते. आमच्या पोराला कालपर्यंत तहसीलच्या झाडाखाली बसलेल्या अर्जनविसापुढे उभे राहावे लागत होते. तो पैसे घेई, आडनाव विचारी आणि मग कसे लिहायचे ते ठरवी. यंत्र आडनाव विचारत नाही. रात्री अकरा वाजता विचारले तरी खेकसत नाही. आमच्या पोरांनी ते जरूर वापरावे. पण लेखणी दुसऱ्याच्या हातात असली की तो देईल तेव्हाच अर्ज होतो, हा अर्जनविसाचा नियम यंत्रालाही लागू आहे. फरक इतकाच की हा अर्जनवीस सातासमुद्रापार बसला आहे.

तो बंद पडला तर काय होते, हे जगाने १८ नोव्हेंबर २०२५ रोजी पाहिले. क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीच्या यंत्रणेत एक फाईल अपेक्षेपेक्षा मोठी झाली आणि चॅटजीपीटी, एक्स यांसह असंख्य संकेतस्थळे काही तास कोलमडली. अशा वेळी आपल्या मोबाईलशी झटापट करण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या गावातल्या मित्राला फोन करा. त्याच्याकडेही उघडत नसेल तर बिघाड तिकडचा आहे, गप्प थांबा. त्याच्याकडे उघडत असेल तर आपल्याकडे शोधा. डेटा आहे का, मोबाईलची जागा भरली आहे का, ब्राउझर जुना आहे का? मोबाईलची तारीख चुकली असली तरी सुरक्षेच्या कारणाने पान अडते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आणि एक पथ्य पाळा. पान उघडत नाही म्हणून त्याच नावाचे भलतेच ॲप उतरवू नका, आणि कोणत्याही यंत्रात आधार क्रमांक, जातीचा दाखला किंवा अत्याचारपीडित भगिनीचे नाव टाकू नका.

आता कायद्याचे बोलतो. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या कलम १० प्रमाणे शेवटच्या दिवशी न्यायालय किंवा कार्यालयच बंद असेल, तर ते पुन्हा उघडेल त्या दिवशी केलेले काम मुदतीत धरले जाते. पण खाजगी कंपनीचे एआयचे पान बंद असणे म्हणजे कार्यालय बंद असणे नव्हे! पुरेसे कारण दाखवले तर अपील उशिरा दाखल करून घेता येते, हे खरे. पण 'चाक फिरत होते' हे कारण अधिकाऱ्याला पुरेसे वाटेलच याची हमी मी देणार नाही. सरकारचे स्वतःचे पोर्टल अडले तर गोष्ट निराळी. तिथे तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा आणि त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन आवक शिक्का घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निवाड्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. तो निवाडा अशा वेळी कामी येऊ शकतो.

आणि माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला यंत्राची गरज तरी किती? महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयाचा हवा आणि सर्वसाधारणपणे दीडशे शब्दांपेक्षा मोठा नको. यंत्र पाचशे शब्द ओतते आणि कार्यालयाला अर्ज फेटाळायला आयते निमित्त देते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लेखी करायला जनमाहिती अधिकाऱ्यानेच मदत केली पाहिजे, असे २००५ च्या कायद्याचे कलम ६ सांगते. किती जणांनी हा हक्क बजावला? यंत्राने दिलेले निवाडेही तपासल्याशिवाय लिहू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते!

आमच्या शेजारच्या कळमेश्वर तालुक्यातल्या मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी 'निराश्रित हिंद नागरिक' १९१० साली काढले, पुढे 'मजूर पत्रिका' चालवली. त्याच १९१० साली पुण्याहून शिवराम जानबा कांबळे महारांच्या लष्करभरतीसाठी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवत होते. बाबासाहेबांचा 'मूकनायक' त्यानंतर दहा वर्षांनी, ३१ जानेवारी १९२० ला निघाला. अर्ज लिहिणे हे आमच्याकडे कारकुनी काम कधीच नव्हते.

त्या पोराचे अपील कार्यालय बंद व्हायच्या आत पोहोचले. आवक शिक्क्याचा फोटो त्याने मला पाठवला. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात अर्ज लिहिण्याचा वर्ग घेणार आहोत. वही-पेन आणावे. मोबाईलही आणावा, मसुदा हाताने झाल्यावर तो यंत्राला दाखवून चुका कशा काढायच्या तेही शिकू. जयभीम!