उपयोगाची घाई नको

1894 मध्ये स्कॉटलंडच्या बेन नेविस शिखरावर भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन ढगांवर उमटणारी रंगीत वलये पाहत होते. तेच दृश्य प्रयोगशाळेत उभे करण्यासाठी त्यांनी काचेच्या भांड्यात ओलसर हवा कोंडली आणि ती एकदम फैलावू दिली. धूळ नसतानाही थेंब धरले, कारण वाफेला विद्युतभारित कणाचा आधारही पुरतो. 1911 मध्ये अशाच पात्रात अणूहून सूक्ष्म कणांच्या वाटा धुक्याच्या बारीक रेघांसारख्या दिसल्या. 1932 मध्ये तशाच पात्रात पॉझिट्रॉन हा कण सापडला. आजची पेट स्कॅन ही वैद्यकीय तपासणी याच कणावर चालते. ‘याचा उपयोग काय?’ या प्रश्नाला विल्सन यांच्याकडे तेव्हा हे उत्तर असणे शक्यच नव्हते. म्हणून मूलभूत संशोधनाला तात्काळ फायद्याची फूटपट्टी लावू नये.

तिजोरी मर्यादित आहे आणि प्रत्येक कुतूहलाला फळ येत नाही, हा आक्षेप रास्तच. पण कोणते बी रुजेल हे आधी कळत नाही, म्हणून पेरणी विविध हवी. काटकसरही जमते: नारायणगावजवळच्या खोडद परिसरात खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी रेडिओ दुर्बिणीसाठी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना भरीव पत्र्याऐवजी तारेच्या जाळीच्या उभारल्या. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त होतो. अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी मात्र जाळीवर अडून परावर्तित होतात. शास्त्रज्ञांकडे खर्चाचा हिशेब जरूर मागावा, शोधाची तारीख मागू नये.